गाडीतली लेकरं: पेपरातला लेख आपल्या गावांना लागू होतो की नाही?

धागा सुरू करणारा (कारंजा-दारव्हा रस्ता)

रविवारच्या पेपरात गाडीतल्या मुलांच्या सुरक्षेवर अर्धं पान लेख आला होता. सांगणं एवढंच की लहान मुलं मागे बसवा, तान्ह्यासाठी चाइल्ड सीट (गाडीच्या सीटला बांधायची लेकराची वेगळी खुर्ची) घ्या, मागे बसणाऱ्या मोठ्यांनीही बेल्ट लावा, मुलांना बंद गाडीत सोडू नका. आमच्या पारावर लेख वाचला गेला आणि ‘हे पुण्या-मुंबईवाल्यांचं’ म्हणून पेपर घडी करून ठेवला. मला ते पटलं नाही.

मागच्या लगीनसराईत आम्ही रात्री लग्नाहून परत येत होतो. साडेतीन वर्षांची भाची समोर माझ्या बहिणीच्या मांडीवर झोपलेली. दारव्ह्याच्या अलीकडे रोही (नीलगाय) आडवा आला. वेग पन्नासच्या आतच होता. मी ब्रेक दाबला, रोही निघून गेला, गाडीला ओरखडाही नाही. पण पोरगी हातातून सुटून डॅशबोर्डवर आदळली. कपाळाला सहा टाके पडले. बहीण अजून म्हणते, ‘दादा, मी घट्ट धरलं होतं रे.’ तिनं धरलंच होतं. हातांच्या आवाक्यातली ती गोष्टच नाही.

ती नुसती ब्रेकची गोष्ट. पन्नासच्या वेगात गाडी खरंच कशावर आदळली, तर दहा किलोच्या लेकराची ओढ क्षणभर दीड-दोन क्विंटल होते. कापसाचं तेवढं ओझं अंगावर आलं तर कोणती आई झेलेल? तो मार म्हणजे दहा मीटरवरून, गावच्या पाण्याच्या टाकीएवढ्या उंचीवरून पडण्यासारखा. त्यात समोर एअरबॅग असेल तर ती फुगते ती नेमकी लेकराच्या डोक्यावर. म्हणून लेखातलं बाकी काही जमो न जमो, समोर मांडीवर मूल घेणं आजपासून बंद झालंच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

वावरवाला

भाऊ, भाचीले लागलं, वाईट वाटलं. पण मले लेखाचा राग आला तो येगळ्या गोष्टीचा. माह्याकडं जुनी, सेकंडहँड गाडी हाये. घरात आम्ही आठ जण. बुढीले दवाखान्यात न्या लागते तं तिच्यासंग चौघं तरी बसतात. आठ-दहा हजाराची सीट घेऊ का सोयाबीनचं बियाणं? अन् सीट ठेवली का एका माणसाची जागा गेली.

दुसरं, आमचे पोट्टे कारमधी वर्षातून चार खेपा बसतात. रोज बसतात ते शाळेच्या ऑटोत. तिघाच्या जागी दहा, दोघं डायवरच्या बाजूले लटकलेले, दप्तरं बाहेर. त्याच्यावर अर्धं पान कवा येईन? ज्याच्या घरी कार हाये त्याचीच काळजी पेपरले.

ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर

ऑटोबद्दल वावरवाले दादा बोलले ते शंभर टक्के खरं आहे. पण म्हणून कारमधलं लेकरू समोर बसवावं असं होत नाही. सीट परवडत नसेल तर मागे बसवा आणि बेल्ट लावा, त्याला पैसे लागत नाहीत. कायदाही सीटच हवी असं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९४ब सांगतं की चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीट यांपैकी एकानं बांधलेलं हवं, नाहीतर चालकाला हजार रुपये दंड. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यावर बेल्ट येतो, त्याला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) घ्यावा. मी माझ्या पोराला अडीच हजारात घेतला. खाली घरची उशी ठेवू नका, ती सरकते.

आणि बंद गाडीचं विसरू नका. जून २०२३ मध्ये नागपुरात उभ्या गाडीत अडकून तीन लहान मुलं गेली. आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात. उभी गाडी नेहमी लॉक करा आणि किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

काळीपिवळीचा डायवर

ताई, बावीस वर्षं गाडी चालवून रायलो. मागच्यानं बेल्ट लावला अन् गाडी कॅनॉलमधी गेली तं तो सुटन कसा? लेकरू अडकून मरन. मी तं मागं कोणाले बेल्ट लावू देत नाई.

धागा सुरू करणारा

काका, कॅनॉलमध्ये गाडी जाते, नाही असं नाही. पण त्याहून किती जास्त गाड्या झाडावर, ट्रॅक्टरच्या अंधारातल्या ट्रॉलीवर आदळतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आणि पाण्यात गेलीच, तरी बाहेर पडायला आधी माणूस शुद्धीवर पाहिजे, आणि बेल्ट नसला तर आदळून शुद्धच जाऊ शकते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मिस्त्रींसह मागचे दोघे गेले, समोरचे दोघे वाचले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. एवढी महागडी गाडी, तरी.

दोन लेकरांची आई

तान्हं दोन तास सीटमध्ये राहतं का? रडून निळं होतं. पाजायचं कसं?

ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर

गाडी थांबवून, ताई. कडुनिंबाच्या सावलीत दहा मिनिटं. चालत्या गाडीत पाजू नका, एवढं ऐकाच.

वावरवाला

आज गाडी पाहिली. मागचे बेल्ट हायेत, पण त्याचं कुलूप सापडेना. दोन वर्षं झाले रेक्झिनचं कव्हर घातलं तं दोन्ही कुलपं त्याच्या खाली दबली. ब्लेडनं कव्हर कापून बाहेर काढली, एकात शेंगदाण्याचे टरफलं भरेल होते. पोरगी मागं बसून बेल्ट लावून पाहून रायली. सीट मी घेणार नाई, पैसेच नाईत. अन् ऑटोचं माह्यं म्हणणं तसंच हाये.

धागा सुरू करणारा

ऑटोचं तुमचं बरोबर आहे, त्यावर मी आधीच बोलायला हवं होतं. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडते. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायला मी मुख्याध्यापकांना उद्याच अर्ज देतो. तुमची आणि काकांची सही लागेल. काका, ऑटोवाल्यांशी तुमची ओळख आहे, एका खेपेत किती मुलं आणि दोन खेपा केल्या तर भाडं किती, हे विचारून ठेवा.