भाच्याला झोपेचं औषध सुरू करायचं म्हणतात, वहिनी तयार नाही

आत्या_नाशिक:
भाचा नऊ वर्षांचा. मांडीच्या हाडाचा कॅन्सर, आता दोन्ही फुफ्फुसांत गेलाय. किमो थांबवली. मॉर्फिनने दुखणं आटोक्यात आहे, पण धाप इतकी की आडवं होता येत नाही. रात्रभर वहिनीच्या छातीला टेकून बसतो, घाबरून तिचा गाऊन धरून ठेवतो. डॉक्टर म्हणाले, आणखी वाढलं तर मिडॅझोलाम देऊन झोपवून ठेवू. वहिनी म्हणते, "म्हणजे मीच त्याला मारायला हो म्हणायचं?" दादा गप्प. कोणी हे जवळून पाहिलंय का?

सिस्टर_कल्याण:
ताई, मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. वहिनींना आधी सांगा, जीव आजार घेतोय. औषध त्याची घुसमट आणि भीती घालवण्यासाठी.

एकदम भरपूर देत नाहीत. मांडीत किंवा पोटावर कातडीखाली बारीक सुई, तिला थोडं थोडं औषध सोडणारा सिरिंज पंप. थोडं सुरू करून आम्ही त्याच्याकडे बघत बसतो. कपाळाला आठ्या आहेत का, हात काही घट्ट धरू पाहतोय का. तो शांत झाला की वाढवायचं थांबतो. मॉर्फिन मात्र बंद होऊ देऊ नका, मिडॅझोलामने गुंगी येते, दुखणं जात नाही.

आधी डॉक्टरांना हे विचारा: छातीत पाणी झालंय का, काढता येईल का? लघवी तुंबलेली नाही ना? मूल तळमळतं त्यामागे कधी कधी तेवढंच कारण असतं आणि नळी घातली की निवांत होतं. सुरुवातीला फक्त रात्रीपुरतंही देता येतं, सकाळी कमी करून बघतात. वहिनींना हे कदाचित मानवेल.

दादांना कायद्याची धास्ती असेल तर सांगा: जीव संपवण्यासाठी औषध देणं आपल्याकडे गुन्हाच आहे, हा तो प्रकार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल जीवरक्षक उपचार थांबवण्याबद्दल आहे, तोही वेगळा विषय. बेल्जियममध्ये २०१४ पासून मुलांना इच्छामरणाची मुभा आहे, पण तिथेही गुंगीचा हा उपचार त्यात मोजत नाहीत.

आणि हा निर्णय एकट्या आईवर टाकू नका. सल्ला डॉक्टरांनी द्यायचा, तो का देतोय हे त्यांनीच दोघांना समोर बसवून सांगायचं.

बाबा_सातारा:
आमच्या मुलीला दिलं होतं. एकच सांगतो, सुरू करण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या. "श्वासाचा त्रास होतो ना, म्हणून झोप येणारं औषध देणार आहोत, आई इथेच आहे," एवढं त्याला कळतं. ज्याला भेटायचंय त्याला आधीच बोलवा. आम्ही आजीला उशिरा कळवलं, ते मला अजून खुपतं. झोपल्यावरही बोलत राहा, ऐकू येत असेल असंच धरून. शेवटी घशातून घरघर येते. ऐकणाऱ्याचा थरकाप होतो, पण त्याला बहुधा ती जाणवत नसते. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आत्या_नाशिक:
हे सगळं दादाला वाचून दाखवलं. वहिनीचा प्रश्न: झोपवलं की पोटात काही जाणार नाही, उपाशी राहील का?

सिस्टर_कल्याण:
या टप्प्यावर भूक आधीच गेलेली असते, ताई. ओल्या कापसाने तोंड पुसत राहा, ओठांना तूप लावा. सलाईनचा आग्रह नको, पाणी छातीत साचून धाप आणि घरघर वाढू शकते. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आजच घ्या आणि घरीच राहायचं असेल तर पंप घरी मिळेल का तेही विचारा. धाप वाढल्यावर मध्यरात्री धावाधाव नको.