सहावीतल्या मुलीला फोन द्यायचा का? आणि द्यायचा तर कुठला?

हळदीचं_पान:

नमस्कार, लेक साडेअकरा वर्षांची आहे, यंदा सहावीत गेली. आम्ही डोंबिवलीला राहतो, दोघंही नोकरीवाले, मी परळला आणि नवरा महापेला. आत्तापर्यंत सासूबाई घरी असायच्या त्यामुळे फोनचा विषयच निघाला नव्हता, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या दिरांकडे चिपळूणला गेल्यात आणि जूनपासून लेक शाळेतून आली की स्वतः कुलूप उघडून घरात एकटीच असते. चार वाजता रिक्षावाल्या काकांबरोबर गणिताच्या क्लासला, तिथून भरतनाट्यमला, आणि मी घरी पोचेपर्यंत साडेसात.

जुलैत एक दिवस पावसाने गाड्या बंद पडल्या. मी मुलुंड आणि ठाण्याच्या मधे लोकलमध्ये दोन तास उभी, नवरा शीळ रोडवर अडकलेला. क्लास लवकर सोडला होता, हिची किल्ली सकाळी घरातच राहिलेली आणि शेजारच्या काकू गावाला. शेवटी वॉचमनच्या फोनवरून हिने बाबाला फोन केला कारण तिला तेवढा एकच नंबर पाठ होता. मी पावणेदहाला पोचले तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, दप्तर मांडीवर आणि मोजे पिळून कठड्यावर वाळत घातलेले. रडत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, आई तुझा नंबर मला पाठच नाहीये.

तेव्हापासून माझं मन फोन घेऊन द्यावा असंच म्हणतंय. नवरा म्हणतो दहावीपर्यंत नाव काढायचं नाही. आणि लेकीला हवाय स्मार्टफोन, कारण वर्गातल्या मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात ही नाही. प्रोजेक्टचं सामान काय आणायचं तेही म्हणे ग्रुपवरच ठरतं. ज्यांनी या वयाच्या मुलांना फोन दिलाय किंवा ठरवून दिला नाहीये त्यांनी प्लीज सांगा, मला खरंच ठरवता येत नाहीये.

गोदाकाठ:

ताई, जिन्यातलं वाचून पोटात कालवलं. माझं मत सरळ आहे, तुम्हाला जे हवंय ते कीपॅडवाल्या फोनने होतं. माझा मुलगा पाचवीत असताना मी तोच दिला, नाशिकला सायकलवरून क्लासला जायचा म्हणून. बटणं दाबायची, बोलायचं, संपलं. चार्जिंग तीनचार दिवस सहज जातं, पडला तरी फुटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला उचलून न्यावासाही वाटत नाही.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. जिओचं सिम टाकणार असाल तर फोर जी कीपॅड फोनच घ्या, जिओचं टू जी नेटवर्कच नाही त्यामुळे जुन्या साध्या फोनमध्ये ते सिम चालत नाही, मी घरातला जुना फोन काढून ठेवला होता आणि तो तसाच पडून राहिला. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर साधा फोनही चालतो. दुसरं म्हणजे हल्लीच्या फोर जी कीपॅड फोनमध्येही यूट्यूब आणि यूपीआय येतं, दुकानदाराला विचारून असं काही नसलेलाच मागा. सिम तुमच्याच नावावर घ्यावं लागेल, अठराच्या आतल्या मुलांच्या नावावर मिळत नाही.

नंबर मात्र पाठ करून घ्याच, फोन दिला तरी. बॅटरी संपली तर परत वॉचमनच आठवणार.

शाळेची_घंटा:

मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते, सहावी ते आठवी. फोनबद्दल घरात जे बोललं जातं ते बहुतेक वेळा आईबाप आणि मूल यांच्यातलं असतं, मला जे दिसतं ते मुलामुलांतलं, म्हणून लिहितेय.

सोमवारी सकाळी वर्गात शिरलं की कळतं रविवारी ग्रुपवर काय झालंय ते. दोन बाक रिकामे ठेवून मुली बसलेल्या असतात. मागच्या वर्षी एका मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो घेऊन, डोळे मिटलेला, तोंड उघडं असलेला, कुणीतरी त्याचा स्टिकर केला आणि तो स्टिकर दोन दिवसात तिन्ही तुकड्यांत फिरला. ती मुलगी आठवडाभर डबा खायला वर्गाबाहेर आली नाही. ज्या मुलाने केला तो वाईट नाहीये हो, अक्षर सुंदर, फळा पुसायला पहिला उठणारा. त्याच्या हातात रात्री साडेदहाला फोन होता आणि शेजारी कुणी मोठं माणूस नव्हतं, एवढंच. त्याच्या आईला बोलावलं तर ती बिचारी म्हणाली मला वाटलं अभ्यासाचं बघतोय.

व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमात १३ वर्षं पूर्ण पाहिजेत, इन्स्टाग्रामच्याही. म्हणजे सहावीच्या ग्रुपमधली जवळपास सगळी मुलं खोटी जन्मतारीख टाकून किंवा आईबाबांच्या नंबरवरून आलेली आहेत. प्रोजेक्टचं म्हणाल तर वर्गशिक्षिकेला भेटा आणि सांगा की घरचा अभ्यास वहीत लिहून द्या. आम्ही देतो. एका पालकाने विचारलं की चार पालक हळूच येऊन सांगतात आमचंही तेच म्हणणं होतं.

आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद ठेवायचे असं गावानेच ठरवलं. करोनात शाळा फोनवर आली आणि मुलांच्या हातातला फोन परत सुटेना, त्यातून हे निघालं. मला त्यातलं हे पटतं की मोठ्यांनीही बंद ठेवायचा. एकट्या मुलीला नाही म्हणणं फार जड जातं तिला.

दोन_लेकींची_आई:

मी दिलाय स्मार्टफोन त्यामुळे माझं पण ऐका. मोठी बाराची असताना दिला, पुण्यात, माझा जुनाच हँडसेट. गूगलचं फॅमिली लिंक टाकलं, त्यात ती कुठंय ते दिसतं, कुठलंही ॲप टाकायला माझी परवानगी लागते, रात्री नऊला फोन आपोआप लॉक होतो. उपयोग आहे, नाही असं नाही. पण रोजचं एक काम वाढतं हे कुणी सांगत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना 'आई अजून पंधरा मिनिटं दे' ची रिक्वेस्ट येते, मी कंटाळून देऊन टाकते, आणि असं चार वेळा झालं की नियम राहिला कुठे. आता आमचं भांडण अभ्यासावरून होतच नाही, फक्त त्या पंधरा मिनिटांवरून होतं. धाकटीला या वयात देणार नाही हे मी ठरवून टाकलंय.

आणि दिलाच कधी, तर ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ती सेटिंग फक्त काँटॅक्ट्सवर ठेवा, अनोळखी कॉल सायलेंट करा, आणि फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. बेडरूममध्ये अजिबात नाही. फोटोवरून किंवा मेसेजवरून काही घाणेरडं घडलं तर मुलीला आधी जवळ घ्या, मेसेज डिलीट करू नका, सायबर गुन्ह्यांच्या १९३० वर किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करता येतो. हे नंबर तिलाही माहीत पाहिजेत.

यारा_नदी:

मेलबर्नहून. इथे आमच्या राज्यात सरकारी शाळांत २०२० पासून फोन बंद आहे, सकाळी लॉकरमध्ये जातो तो सुटतानाच हातात येतो. आणि १० डिसेंबर २०२५ पासून देशभरच सोळाच्या खालच्यांना इन्स्टा, टिकटॉक, यूट्यूबचं अकाउंट बंद. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने आठवडाभर तोंड पाडलं, मग चेंडू घेऊन खाली जायला लागला कारण बाकीचेही खाली होते. पण व्हॉट्सॲप या बंदीत नाही हं, त्यामुळे तुमचा ग्रुपचा प्रश्न कायदा करूनही सुटत नाही, तो घरीच सोडवावा लागतो. मैत्रिणींच्या आयांशी बोला, दोघी तिघी तयार झाल्या तरी लेक एकटी पडत नाही.

हळदीचं_पान:

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्यालाही वाचायला दिलं आणि पहिल्यांदा आम्ही न भांडता बोललो. मी दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होते. मला तिचा आवाज ऐकू यायला हवा होता आणि तिला मैत्रिणींत जागा हवी होती.

रविवारी स्टेशनजवळून कीपॅडचा फोन आणलाय, इंटरनेट नसलेला, एअरटेलचं सिम. ती थोडी हिरमुसली, खोटं कशाला बोलू. माझा, बाबाचा, आत्याचा आणि खालच्या वॉचमनचा असे चार नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तिच्याच हाताने लिहून घेतलेत आणि रोज रात्री पोळ्या करताना मी विचारते. किल्लीची एक जोडी आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे.

शिक्षिकेला भेटले, सामानाची यादी शुक्रवारी वहीत देणार म्हणाल्या. ग्रुपमधल्या दोन मुलींच्या आयांशीही बोलले, त्यातली एक चक्क म्हणाली की मीही कुणीतरी बोलेल याची वाटच बघत होते. शनिवारी तिघी आमच्याकडे येणार आहेत, थालीपीठ आणि कॅरम.

@गोदाकाठ दादा, एक राहिलं, घरात डेस्कवर फोन वाजला तरी हिला ऐकू येत नाही, आवाज फुल आहे. काही सेटिंग असतं का?

गोदाकाठ:

प्रोफाइल बघा, जनरलऐवजी आउटडोअर लावा. आणि स्पीकर मागच्या बाजूला असतो, फोन पालथा ठेवायला सांगा.