सल्ला हवा: सातवीतला मुलगा, अकरावीतली मुलगी आणि एक म्हातारा लॅपटॉप

सिंहगडरस्ता_वासी
मुलगा सातवीत, सुट्टीत कोडिंग शिकायचं म्हणतोय. एका क्लासवाल्यांनी फोनवर ४० हजार सांगितले, वर "आजच भरलेत तर सवलत". शिवाय आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंची मुलगी अकरावी कॉमर्सला आहे, तिलाही काही उपयोगाचं शिकवावं असं मनात आहे. तिच्याकडे फक्त मोबाइल. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडून आहे, तो सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो. मला स्वतःला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. काय करू?

पेठेतला_पायथन
सवलतवाल्यांना उद्या फोन करून बघा, सवलत उद्याही असते.

मुलाला स्क्रॅच द्या, कोडिंग शिकायचं सॉफ्टवेअर. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि ८ ते १६ वयाच्या मुलांसाठीच केलंय. पडद्यावर सूचनांच्या ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, की त्यातलं मांजर हलतं. चुकलं तर मांजर भिंतीतून आरपार जातं, आणि का गेलं ते पोरगं स्वतःच शोधत बसतं. तुम्हाला येत नाही हे बरंच आहे. रोज शेजारी बसून "हे असं का झालं, मला सांग" एवढंच विचारा. व्हिडिओ बघून जसंच्या तसं उतरवायला लागला तर मात्र हटका.

कंटाळला की पायथन, म्हणजे टाइप करून कोड लिहायची भाषा. त्यात व्हेरिएबलचं (आकडा साठवायच्या डब्याचं) नाव 'गुण' किंवा 'बेरीज' असं देवनागरीत चालतं, आणि int("४२") लिहिलं तर त्या मजकुराचा ४२ हा खरा आकडा मिळतो. माझ्या भाचीला हे कळलं त्या दिवशी ती जेवायला उठेना.

लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, वर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. पळेल.

खातेवही
त्या मुलीला कोडिंगच्या मागे लावू नका, निदान आत्ता तरी. कॉमर्सवाली आहे, स्प्रेडशीट (एक्सेलसारखा तक्ता) हातात बसली तर लगेच कामाला येईल. आधी ताईंचा महिन्याचा हिशोब मांडायला सांगा: कुठल्या घरचे किती, खाडे किती, कुणाची बाकी किती. सम (बेरीज), इफ (अट), फिल्टर (गाळणी) त्यातच शिकून होतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रे ऑफिसचे (त्यात स्प्रेडशीट येते) धडे मराठीत आहेत, फुकट. प्रमाणपत्र लागलंच तर एमएस-सीआयटी आहे. पण मोबाइलवर हे शिकणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं, लॅपटॉप तिच्या हातात पडू द्या. आणि टायपिंग दहाही बोटांनी.

सिंहगडरस्ता_वासी
दोघांना एकाच लॅपटॉपवर बसवलं तर?

खातेवही
वेळ वाटून द्या, आणि तिची वेळ ठरलेली असू द्या. नाहीतर घरचा मुलगा म्हणून तोच बसेल.

पेठेतला_पायथन
+१. मुलगा रमला तर पुढे पुण्याच्या तापकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ब्रेडबोर्ड (तारा खोचून जोडायची पाटी), एलईडी आणि आर्डुइनो (कोड टाकता येणारा छोटा बोर्ड) आणा. मुलीलाही न्या.

सिंहगडरस्ता_वासी
शनिवारी जातो. तिथे गाडी कुठे लावायची?

पेठेतला_पायथन
गाडी?! मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत या.