शब्दचर्चा : कंटाळा, वीट, वाज आणि माइंडफुलनेस

(गोव्यातल्या चौघांची चर्चा. बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

डिचोली : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ‘सजगतेतून कंटाळ्यावर मात’ असं शीर्षक सुचवलं आहे. दोन शंका आहेत. कंटाळ्यावर ‘मात’ होते का? आणि माइंडफुलनेसला, म्हणजे आत्ता जे चाललं आहे त्याकडे स्वतःला न रागावता लक्ष देण्याला, सजगता म्हणावं, अवधान म्हणावं की भान? मुलं घरी कोकणी बोलतात, ‘वाज येता’ (कंटाळा येतो) म्हणतात, तेही ध्यानात घ्या.

फोंडा : मात शत्रूवर करतात, संकटावर करतात. कंटाळा येतो आणि जातो. फार तर तो घालवतात. ‘मला कंटाळा आला’ या वाक्यात कर्ता कंटाळा आहे, ‘मला’ नव्हे. राग, झोप, शिंक यांचीही हीच रचना. कोकणीतलं ‘म्हाका वाज येता’ त्याच घडणीचं. याउलट ‘मी बोअर झालो’ म्हटलं की अख्खा माणूसच बोअर होऊन बसतो. माइंडफुलनेसच्या सरावात पहिली पायरी म्हणून जे शिकवतात, म्हणजे मनात आलेल्या गोष्टीला ‘ही आली’ एवढंच म्हणायचं, ते आपल्या वाक्यरचनेत आयतंच आहे. मुलांना हे जरूर दाखवा.

मडगाव : पण ‘मी कामाला कंटाळलो’ हेही अस्सल मराठीच आहे, आणि तिथे कर्ता ‘मी’ आहे. फरक असा की ‘कंटाळा आला’ हे आत्ताचं, ‘कंटाळलो’ हे साठत आलेलं. षष्ठी आली की अर्थ आणखी सरकतो. ‘पहाटे उठायचा कंटाळा’ हा काम सुरू होण्याआधीचा, आळसाचा शेजारी. त्याला निरीक्षण वगैरे लागत नाही, पाय खाली टेकला की तो बहुधा ओसरतो. बसची वाट बघताना येणारा कंटाळा वेगळा. सजगतेचा उपयोग होतो तो याला.

वीट आणि उबग मात्र याच पंगतीत बसवू नयेत. वीट अतिरेकाने येतो, उबगात तिटकारा मिसळलेला असतो. रोज तेच अपमान ऐकून एखाद्याला उबग आला असेल, तर त्याला ‘श्वासाकडे लक्ष दे’ सांगणं चुकीचं आहे. तिथे परिस्थिती बदलायला हवी. शब्द नीट निवडला नाही तर उपायही चुकतो, म्हणून हा भेद महत्त्वाचा. (जाता जाता : हा वीट पुल्लिंगी, ‘वीट आला’. बांधकामाची ती वीट स्त्रीलिंगी.)

पेडणे : आता माइंडफुलनेस. मूळ पाली शब्द ‘सती’, संस्कृतात स्मृती. पालीचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्याला हा इंग्रजी शब्द योजला. १९७९ पासून अमेरिकेतल्या जॉन कबात-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमामुळे तो दवाखान्यांत पोचला. मराठीत ‘सती’ म्हटलं की भलतंच डोळ्यांपुढे येतं आणि ‘स्मृती’ म्हणजे आठवण, म्हणून दोन्ही बाद. ‘सजग’ला धोक्याची छटा आहे, सीमेवरचे जवान सजग असतात.

माझं मत अवधानाला. ते ‘देता’ येतं, म्हणजे ती कृती आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ म्हणजे स-अवधान, लक्ष इथे असू द्या. आज त्याची निव्वळ धोक्याची पाटी झाली आहे, याचं वाईट वाटतं. भान हे अवधानाचं फळ : ते येतं, राहतं, सुटतं, हरपतं. भजनात भान हरपलं तरी कंटाळा जातोच, पण तो वेगळा मार्ग.

आणि कृपा करून ‘सुशेगाद’ इथे आणू नका. पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आलेला तो शब्द, त्याला जवळचा मराठी शब्द निवांत. निवांत माणूस अवधान देत असेलच असं नाही.

डिचोली : अवधान पटलं. पण मुलांना प्रत्यक्ष करायला काय द्यावं?

फोंडा : मोठ्यांसाठी उत्तम साधन आदोळी, म्हणजे नारळ खवायची विळी. फोन दुसऱ्या खोलीत, नारळाची एकच वाटी. कडेपासून खवायला घ्या, वाटी थोडी थोडी फिरवत. पहिले दहा फेर लक्ष मनगटाकडे, पुढचे दहा आवाजाकडे. खोबरं जाड असतं तोवर आवाज ओला, दबका. पातळ होत आलं की कोरडा, खरखरीत. मग नजर रंगाकडे : पांढऱ्यात तपकिरी कण दिसू लागले की तिथे थांबायचं, नाहीतर साल वाटणात जाते. मन भटकलं की कळल्या क्षणी आवाजाकडे परत, स्वतःला न रागावता. बिघडतं ते घाईने. लवकर संपवायचं ठरलं की अवधान ‘संपण्या’वर जातं आणि बोटं पात्याच्या दातांजवळ. दुसरी चूक, दर मिनिटाला ‘कंटाळा गेला का?’ तपासणं, तपासणीनेच तो टिकतो. लहान मुलांना मात्र आदोळीवर बसवू नका.

मुलांना फेरीबोट द्या. मांडवी नदीतून रायबंदरहून चोडण बेटावर जाताना श्वास एक ते दहा मोजायचा, दहानंतर पुन्हा एक. चौदा-पंधरा झाले तर मन कुठेतरी गेलं होतं एवढंच समजायचं. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, त्याने गरगरतं. मग धक्क्याच्या उतारावर पाणी कुठवर आलं आहे ते पाहून वहीत रेघ मारायची. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सकाळी त्याच वेळी गेलं तरी पाण्याची रेघ कालची नसते. ‘नव्या नजरेने पाहा’ असं नुसतं सांगितलं की मुलं गोंधळतात. काय पाहायचं ते द्यावं लागतं.

मडगाव : शीर्षकात हे आणायचं झालं तर ‘नव्या नजरेने’च म्हणा, ‘ताजा दृष्टिकोन’ नको. दृष्टिकोन लिहायचाच झाला तर ‘ष्टि’ ऱ्हस्व.

डिचोली : ‘कंटाळा आला? अवधान द्या’ असं ठरवलं. खाली लहान अक्षरात ‘वाज येता तेन्ना’ही घालू.