काळा काकाकुवा ढोलीत काटक्या का भरतो?

ढोलीशोधक, ठाणे
येऊरला पोपट आणि तांबट ढोलीत काहीच नेत नाहीत, तळाच्या भुशावरच अंडी घालतात. मग ऑस्ट्रेलियातला काळा काकाकुवा (पाम कोकाटू) काटक्यांचा थर कशाला रचतो? शाळेच्या निसर्ग मंडळासाठी ढोलीचा उभा छेद दाखवणारं मॉडेल करायचंय. थर किती जाड ठेवू? आणि तो काठीने खोड बडवतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

पाणकावळा, ऐरोली
कारण पाऊस. आपल्या पोपटाच्या ढोलीचं तोंड बाजूला असतं आणि त्याची वीण बहुतेक पावसाळ्याआधीच आटोपते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या केप यॉर्कमधल्या काळ्या काकाकुव्याची ढोली उभी, वरून उघडी, थेट धुराड्यासारखी. वाळवीने पोखरलेलं खोड वरून मोडलं की अशी ढोली तयार होते. तिथला पावसाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल, आणि बऱ्याच जोड्यांची पिल्लं नेमकी त्याच काळात ढोलीत असतात. अंडं एकच, उबवायला महिनाभर, त्यानंतर पिल्लू शंभरेक दिवस आत. त्यात ते जन्मतः अगदी उघडं, अंगावर लवसुद्धा नाही. काटक्यांतून पाणी खाली झिरपतं, पिल्लू वर कोरडं राहतं.

जाडीचा ठरावीक आकडा धरू नका, तो ढोलीच्या खोलीवर अवलंबून असतो. मॉडेलसाठी 6 इंची पीव्हीसी पाइपचा 45 सेंमी तुकडा उभा चिरा, पुढे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावा, तळाला 8 मिमीची पाच-सहा भोकं पाडा. काटक्या 8 ते 10 सेंमीच्या, लांबीत चिरलेल्या, थर 15 सेंमी. मग अर्धा लिटर पाणी ओतून बघा. वर साचलं तर बहुतेक काटक्या एकाच दिशेला पडल्या असतील, त्या विस्कटून आडव्यातिडव्या टाका. नारळाचा काथ्या किंवा गवत अजिबात नको. ते पाणी धरून ठेवतं, म्हणजे मॉडेल जे दाखवायचं त्याच्या नेमकं उलट दाखवेल.

शेंडीवाला, वाशी
बडवण्याचा संबंध आहे. नर जाड काटकी तोडून चोचीने हवी तेवढी आखूड करतो, किंवा ग्रेव्हिलिया या तिथल्या झाडाचं कडक फळ घेतो, पायात धरतो आणि ढोलीजवळच्या खोडावर वा फांदीवर आपटतो. शेंडी उभी, गालांची उघडी कातडी लालभडक, मधूनच शिट्टी. मादी बरेचदा जवळच बसून बघत असते. संशोधक रॉब हाइन्सन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 18 नरांच्या 131 वादनांचा अभ्यास छापला: ठोके समान अंतराने पडतात आणि प्रत्येक नराची स्वतःची ढब असते. वाजवून झालं की पुष्कळदा तीच काठी फोडून ढोलीत टाकतो. म्हणजे वाद्यसुद्धा शेवटी घरट्याच्याच कामी येतं. न्यू गिनीतही हाच पक्षी आहे, पण हे वादन केप यॉर्कमधलंच नोंदलेलं आहे.

फलकावर पांढऱ्या काकाकुव्याचं चित्र लावू नका, एवढं मात्र पाहा. इंटरनेटवर 'काकाकुवा' शोधलं की तोच आधी येतो. तोही ढोलीतच राहतो, पण भुशावर. काटक्यांचा असा थर रचणारा काकाकुवा हा एकच.

ढोलीशोधक
छान. मॉडेलमध्ये वणव्याने जळलेली बाजू दाखवू का?

पाणकावळा
दाखवा, पण फलकावर दोन्ही बाजू लिहा. आगीने खोडं पोकळ व्हायला मदत होते आणि आगीनेच जुनी ढोलीची झाडं कोसळतात. मोठी ढोली तयार व्हायला शंभर वर्षंही लागू शकतात, आणि जोडी सरासरी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालते, त्यातूनही मोजकीच पिल्लं उडतात. पाइपला रंग देणार असाल तर बाहेरूनच द्या. आत दिलात तर भोकं बुजतात.