मदत हवी आहे: व्हिपल ऑपरेशननंतर रक्तातला कर्करोगाचा मार्कर सीए १९-९ पुन्हा चढतोय (पित्तनलिकेचा कर्करोग)

केतकीबन
सासरे, वय ६३. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा कर्करोग, व्हिपल (पित्तनलिकेचा खालचा भाग, स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याची सुरुवात काढायचं ऑपरेशन) होऊन पाच महिने झाले. पॅथॉलॉजी रिपोर्ट: कडा मोकळ्या (आर०, कापलेल्या कडेवर गाठ नाही), १६ पैकी २ लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) पॉझिटिव्ह, पेरिन्यूरल इन्व्हेजन (मज्जातंतूंभोवती गाठीचा शिरकाव) आहे, ग्रेड मध्यम. केपसिटाबिनची (केमोच्या गोळ्या) पाचवी सायकल चालू आहे.

सीए १९-९ असा: काविळीत (बिलिरुबिन १४) ४१२. स्टेंटनंतर (पित्ताची वाट उघडणारी नळी) बिलिरुबिन १.८ झालं तेव्हा ९६. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी २१, तिसऱ्या महिन्यात ३४, आता ५८. बिलिरुबिन ०.९ आहे, पण अल्कलाइन फॉस्फटेज ३१० आणि जीजीटी २८० (दोन्ही लिव्हरच्या तपासणीतले, वाढलेले). ताप नाही, वजन टिकून आहे. नेहमीची लॅब बंद होती म्हणून या वेळी दुसरीकडे रक्त दिलं. हा आजार परतल्याचा आकडा समजायचा का?

सूक्ष्मदर्शक
आधी तो ५८ बाजूला ठेवा. सीए १९-९ प्रत्येक कंपनीच्या किटवर वेगळा येतो, एकाच नळीतल्या रक्ताचासुद्धा. रिपोर्टवर आकड्याखाली बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते. जुन्या आणि नव्या रिपोर्टवरची ती ओळ ताडून बघा. पद्धत वेगळी असेल तर ३४ वरून ५८ ही वाढ मोजताच येत नाही. तीन-चार आठवड्यांनी जुन्याच लॅबमध्ये परत करा, त्याच नळीतून लिव्हर फंक्शन, जीजीटी आणि सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) मागा. सुटा सीए १९-९ कधीच करू नये, सोबत बिलिरुबिन नसेल तर तो वाचता येत नाही.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही किटवर त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. जास्त डोस असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवतात.

आणि काविळीतला ४१२ विसरून जा. पित्त तुंबलं की हा मार्कर गाठीशिवायही शेकड्यांत जातो. तुलनेसाठी तुमचा खरा पाया ऑपरेशननंतरचा २१.

अडुळसा
लॅबचं बरोबर आहे, पण मला ५८ पेक्षा ३१० आणि २८० जास्त खटकतात. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही वाढतं. जीजीटी सोबत वाढलंय म्हणजे मूळ यकृत-पित्तमार्गात आहे. व्हिपलमध्ये पित्तनलिका आतड्याला जोडतात. तो जोड थोडा आवळला तर हे दोन आकडे आधी चढतात, बिलिरुबिन बरंच नंतर. अर्धवट तुंबलेल्या पित्तानेही सीए १९-९ थोडा वर जातो. केपसिटाबिननेही लिव्हरचे आकडे हलतात, म्हणून सायकलच्या कितव्या दिवशी रक्त दिलं तेही लिहून ठेवा.

जोड आवळण्याचं कारण नुसता व्रण असू शकतं, परतलेली गाठही असू शकते. रक्तावरून ते कळत नाही. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि कॉन्ट्रास्ट सीटी लागेल. सर्जनना थेट विचारा: "जोड आवळलाय का?" मार्कर वाढला एवढंच सांगितलंत तर चर्चा मार्करपाशीच थांबते.

थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका. पित्तमार्गातलं इन्फेक्शन काही तासांत रक्तात उतरतं. केमो चालू असताना तर तापाला क्रोसिन देऊन घरी थांबायचंच नाही.

केतकीबन
धन्यवाद. मागच्या सीटीत "पित्तनलिकांमध्ये हवा" लिहिलंय, ते काय? आणि थेट पेटस्कॅनच करावा का? पुढे किती धोका आहे, हेही कोणी स्पष्ट सांगत नाही.

अडुळसा
ती हवा आतड्यातून जोडावाटे वर जाते. व्हिपलनंतर ती असणं नेहमीचंच, उलट जोड उघडा असल्याची खूण म्हणतात. पेट आत्ता नको. ऑपरेशनच्या जागची सूजही त्यात चमकते आणि बारीक गाठ सुटते. सीटीला जाताना जुन्या सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. धमनीभोवतीचा मऊ भाग व्रण की गाठ, हे जुन्या चित्राशेजारी ठेवूनच ठरतं.

निरगुडी
पुढच्या धोक्याबद्दल मार्करपेक्षा पॅथॉलॉजीचं पान जास्त बोलतं. कडा मोकळ्या, ही मोठी जमेची बाजू. दोन नोड म्हणजे एन१ टप्पा (एक ते तीन नोड; चार झाले की एन२). नोड आणि पेरिन्यूरल हे दोन्ही परत येण्याचा धोका वाढवतात, तो कमी करायलाच केपसिटाबिन आहे.

आकडा हवाच असेल तर ब्रिटनमधला बिलकॅप अभ्यास, ४४७ रुग्ण, २०१९ मध्ये प्रसिद्ध. ऑपरेशननंतर आठ सायकल केपसिटाबिन घेणाऱ्या गटात निम्मे लोक ५१ महिन्यांच्या पुढे जगले, फक्त देखरेखीवरच्या गटात ३६. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा फरक जेमतेम हुकला, तरी उपचार म्हणून रूढ झाला. त्यात यकृतातल्या नलिका, पित्ताशय, खालची नलिका सगळे एकत्र मोजलेत, म्हणून ५१ हा सासऱ्यांचा आकडा नव्हे. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण), अल्ब्युमिन, सीआरपी यांवरून धोका सांगणारे लेख नेटवर ढिगाने मिळतील; ते गटांना लागू पडतात. केमोत पेशी खालीवर होत असताना एकट्या माणसाचा रेशो काढून रात्रभर जागण्यात अर्थ नाही.

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी ठेवतात. मार्करमुळे तो अलीकडे आणावा लागेल, पुढे ढकलू नका. नुसत्या सीए १९-९ वरून केमो बदलतही नाहीत. बदल स्कॅनवर दिसल्यावर किंवा बायोप्सीवर ठरतो.

गवतीचहा
थोडं अवांतर. आईचं असंच ऑपरेशन झालंय, पण तिचा सीए १९-९ पहिल्यापासून २ च्या आत. म्हणजे ती सुरक्षित ना?

सूक्ष्मदर्शक
नाही. सुमारे ५ ते १० टक्के लोक लुईस निगेटिव्ह (एक रक्तगट-प्रकार) असतात, त्यांच्या शरीरात सीए १९-९ चे रेणू बनतच नाहीत. गाठ असतानाही आकडा तळाशीच होता का, ते ऑपरेशनआधीच्या रिपोर्टात बघा. होता, तर हा मार्कर आईसाठी निरुपयोगी, पैसे वाचवा. ऑपरेशनआधी सीईए (दुसरा एक मार्कर) वाढलेला असेल तर तो लावून धरा, नाहीतर भिस्त सीटीवरच. फाइलच्या पहिल्या पानावर "सीए १९-९ वर अवलंबून राहू नये" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे नवा डॉक्टर "नॉर्मल आहे" म्हणून सीटी पुढे ढकलणार नाही.