मदत हवी आहे: प्लेऑफमध्ये आणखी संघ घ्यावेत का?

मंडळी, आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहतो आणि सध्या घरात जेवताना रोज एकच वाद. लेक म्हणते, कॉलेज फुटबॉलचा (हेल्मेटवालं, अमेरिकन) प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) १२ वरून १६, नाहीतर सरळ २४ संघांचा करा. मला पटत नाही, पण मुद्दे कमी पडतायत.

तिचा हुकमी एक्का म्हणजे २०२३. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्सचा (कॉलेजांच्या गटाचा) विजेता, तरी प्लेऑफमध्ये नाही, कारण तेव्हा चारच संघ घ्यायचे! यावर मी गप्प. पण २०२४ पासून १२ संघ झालेच की. त्या वर्षी आमच्या ओहायो स्टेटने (इथल्या विद्यापीठाचा संघ) कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असा मार खाल्ला. माझा चहा हातातच गार झाला होता. आणि जानेवारीत विजेते हेच! आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मग मिशिगनच्या सामन्याला अर्थ काय उरला? २४ केले तर तीन-तीन सामने हरलेलेही आत येणार. शिवाय पोरांची हाडं, डिसेंबरच्या परीक्षा.

कुणी नियमित बघत असेल तर सांगा, माझ्या बाजूने आणखी भक्कम मुद्दा कोणता? की लेकीचंच बरोबर आहे? शनिवारी तिचे मित्रमैत्रिणी येतायत, त्याआधी कळलं तर बरं.